तेलाक विचारलंय

वेंगुर्ल्यात, उभादांड्याच्या रस्त्याला,
सुरूची झाडं संपून वारा थेट तोंडावर येतो
तिथे बस्त्यावचं गॅरेज आहे. पाटी नाही.
टायरवर पांढऱ्या रंगात ‘ऑइल’ लिहिलेलं,
त्यातला ‘ल’ खाऱ्या हवेनं खाल्ला.

मी ओम्नी खड्ड्यावरच्या दोन फळ्यांवर चढवते.
मागच्या सीट काढलेल्या,
बर्फाच्या पाण्यानं पत्रा गंजलेला.
रोज पहाटे निवती ते कुडाळ स्टेशन,
सुरमई, पापलेट, कधी नुसतेच बांगडे.
सात वर्षांत गाडीला एकच वास लागलाय
आणि तो मला सोडून सगळ्यांना येतो.

“कितके झाले?”
“सात हजार.”

बारा झालेत.
पण बारा म्हटलं की बस्त्याव बोलायला लागतो
आणि तो बोलायला लागला
की बर्फाच्या फॅक्टरीची वेळ टळते.

एका डोळ्याचं ऑपरेशन त्याला लाभलं नाही,
दुसऱ्याचं त्यानं केलंच नाही.
पोरगा, आग्नेल, मोबाइलचा उजेड धरतो,
तो कुणासाठी, कोण जाणे.
बस्त्याव पट्टी ओढतो, पुसतो, पुन्हा बुडवतो,
थेंब अंगठ्यावर घेऊन
लुगड्याचा पोत बघावा तसा बोटानं चोळतो.
नाकाशी नेतो.
थांबतो.

“गो शालन,
मी तेलाक विचारलंय.
ता बारा म्हणता.”

आग्नेल खालचा नट फिरवतो.
आधी थेंब, मग दोरी,
कोमट, काळी, न तुटणारी.
आलं तेव्हा मधासारखं होतं हे.
आता त्यात काताळावरची तांबडी धूळ आहे,
मठाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ओढलेला बर्फ आहे,
आणि वहिनीला कळा सुटल्या त्या रात्रीचं
एका दमात गाठलेलं ओरोस.

“काळा झाला म्हणजे वायट झाला नाय गो.
काम केल्यान.
पण काम केलेल्याक घराक सोडुचा मां?”

माझे बाबा मे संपता संपता होडी वर ओढायचे,
उलटी घालायचे, खरवडायचे,
काजूच्या सालीचं तेल फासायचे.
हाताची कातडी सोलून निघायची.
एका वर्षी तेलाला पैसे नव्हते,
तर आईची समई महिनाभर दुसऱ्याच्या घरी राहिली.
यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू,
असं आमच्या वाडीत कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.
होडीला तडा गेला तर खाली समुद्र.
गाडी बंद पडली
तर दार उघडून पाय टेकता येतात.
एवढ्यानंच आपण निर्धास्त.

“फिल्टर पुढच्या वेळी,” मी म्हणते.
तो तर केव्हाच निघून तसराळ्यात पडलाय.
जुनं तेल शेजारचा घाडी घेऊन जातो,
कुंपणाच्या खांबांना लावायला, वाळवीसाठी.

नवं तेल ओतून झालं. मी चावी फिरवते.
दोन सेकंद इंजिन कोरडं खडखडतं,
भांड्यात चमचे हलवावेत तसं,
आणि मग तेल वर पोचतं.
बस्त्याव बॉनेटवर तळवा ठेवून मान कलती करतो.
सुकती संपून खाडीच्या तोंडाशी
पाणी वळावं, तसा आवाज वळतो.

आग्नेल काचेच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवतो.
त्यावर पुढचा आकडा, पाच हजारांनी वाढवलेला.
“सात सांगशीत तरी माका कळतला,”
बस्त्याव म्हणतो, आणि दोनशे रुपये कमी घेतो.

मग मला लाजल्यासारखं होतं.
मागच्या खोक्यातले चार बांगडे
मी कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवते.

“आजचे?”
“आजचेच.”

तो कागद उघडतो.
त्याच अंगठ्यानं
बांगड्याचं पोट हलकेच दाबतो,
नाकाशी नेतो,
थांबतो.

मी गिअर टाकते.